आधीं खेळ, मग पारितोषिक

'मध्यप्रांत व वऱ्हाड' हा इलाखा १९५० सालीं नकाशावरून गेला; चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनीं मात्र तो अद्याप मोडलेला नाहीं. त्यांच्या वहींत 'सी. पी. बेरार' हें वितरणाचें क्षेत्र आजहि नांदत आहे. भुसावळ आणि अमरावती हीं त्याचीं जुनीं ठाणीं होत. मुंबईचें चित्र अकोल्याच्या पडद्यावर लागणार कीं नाहीं, हें पुष्कळदां तेथील पेढ्यांवरच ठरत आलें. व्यापारी हिशेब पाहतो, यांत त्याचा दोष तो काय? ज्यांत नामांकित नट नाहीं आणि ज्याच्या जाहिरातीस पैसा नाहीं, तें चित्र त्यानें कोणत्या भरंवशावर घ्यावें?

अशा उपेक्षित चित्रांसाठीं लोकांनींच पारितोषिकें ठेवावीं, ही कल्पना सुंदर खरी. पण तींत एक मेख आहे. १९५४ सालीं 'फिल्मफेअर'चीं पहिलीं पारितोषिकें वाचकांच्या मतांवरच दिलीं गेलीं. मात्र मत देणारा पाहिलेल्या चित्रालाच मत देणार. जें पाहावयासच मिळालें नाहीं, तें कितीहि सरस असो, मतपेटींत त्याच्या नांवें शून्यच!

जाणते परीक्षक असें चित्र हुडकून काढतात, हें खरें. जयंत सोमलकर यांचें 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवीं, गांवच्याच माणसांना घेऊन झालें. त्याला २०२३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत 'नेटपॅक' पारितोषिक मिळालें. महाराष्ट्रांतील चित्रगृहांत तें लागावयास २०२५ चा मार्च उजाडला. सतीश मनवर यांचें 'गाभ्रीचा पाऊस' २००९ सालचें. शेजाऱ्याच्या आत्महत्येनें धास्तावलेली अलका आपल्या कर्जबाजारी नवऱ्याला क्षणभर एकटें सोडीत नाहीं; लहानग्या मुलालाहि त्याच्या पाळतीवर ठेवते. प्रसंग भयंकर, तरी पाहणाऱ्याला मधूनच हसूं फुटतें, ही त्या चित्राची शक्ति. रॉटरडॅमच्या रसिकांनीं तें पाहिलें. ज्याच्या कपाशीची ही कथा, त्या बार्शीटाकळीच्या कास्तकाराला तें कोणी दाखविलें काय?

वऱ्हाडांत असें पारितोषिक निघावयाचें असेल, तर क्रम उलटा हवा. कपाशीचा शेवटचा वेचा आटोपला, कीं अमरावतीच्या एखाद्या शाळेच्या सभागृहांत आणि दर्यापूर-मूर्तिजापुराकडील गांवीं देवळापुढच्या पटांगणांत पांच रात्रीं पांच चित्रें दाखवावीं. निर्मात्याची परवानगी घ्यावी व त्याचें भाडें रोख चुकवावें. फुकट दाखविणें हा कसला गौरव? पांचहि खेळांना बसलेल्यांनींच मत द्यावें. पडद्यावरची वऱ्हाडी बोली अस्सल आहे कीं मुंबईंत घोकलेली, हें तेथील एखादी म्हातारी एका वाक्यांत सांगेल.

राहिला पैशाचा प्रश्न. २००४ सालीं 'श्वास' ऑस्करसाठीं निघालें, तेव्हां त्याच्या खर्चास सामान्य माणसांनीं वर्गणी दिली होती. येथें तेवढ्या रकमेची गरज नाहीं. ढाल-चषक बाजूस ठेवून, पहिलें आलेलें चित्र आणखी दहा गांवीं लागेल, एवढें भाडें जमविलें म्हणजे झालें.