तुरतुक: गाव जागेवर, सीमा पुढे



या सभागृहातले निम्मे तरी लोक लडाखला जाऊन आले असतील. तुरतुकचं नाव काढलं की फोनमधले फोटो बाहेर येतात: जर्दाळूची झाडं, नाल्यावरचा लाकडी पूल, कुट्टूची शेतं. पर्यटकांना हे गाव खुलं झालं २०१० साली. त्याआधी तिथे बाहेरचा माणूस सहसा पोहोचतच नसे. आज मला त्या गावाच्या एका डिसेंबराबद्दल बोलायचं आहे.

नकाशावर श्योक नदीवर बोट ठेवा. काराकोरममधून ती वायव्येला वाहत पुढे सिंधूला मिळते. खोरं इतकं अरुंद की नदी, वाट आणि चार शेतं एवढीच जागा. या वाटेवर ज्याचं ठाणं, त्याच्या ताब्यात लडाखच्या नुब्रा खोऱ्याचं दार. १९४७-४८मध्ये पाकिस्तानकडचे हल्लेखोर इथूनच वर चढले आणि सतरा वर्षांच्या एका नुब्रावासी पोराने, चेवांग रिनचेनने, आपल्या गाववाल्यांना घेऊन त्यांना अडवलं. त्याला महावीर चक्र मिळालं. पण युद्धबंदी रेषा आखली गेली तेव्हा चालुंका, तुरतुक, त्याक्षी आणि थांग ही बाल्टी गावं पाकिस्तानच्या बाजूला राहिली.

डिसेंबर १९७१. तेच रिनचेन आता लडाख स्काउट्सचे मेजर होते. देशाचं लक्ष ढाक्याकडे होतं. इकडे मूठभर माणसं गोठलेल्या कड्यांवरून रात्री चढत होती. मैदानातल्या पलटणीला हे काम झेपलं नसतं. पातळ हवेची सवय आणि कोणत्या घळीत बर्फ दगा देतो याची जाण, दोन्ही त्यांना घरच्याच होत्या. बेत साधा होता: वरची ठाणी आधी, खोरं नंतर. खरी झुंज झाली ती चालुंकाच्या ठाण्यांवर. तिथून तुरतुक, मग पुढची गावं. १७ डिसेंबरच्या युद्धबंदीला फौज थांगपर्यंत पोहोचली होती. रिनचेनना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. दोनदा हा मान मिळवणारे फार थोडे.

शौर्यकथा इथे संपते. माझा विषय इथून सुरू होतो.

त्याच डिसेंबरात आपल्या पॅरा कमांडोंनी थारच्या वाळवंटातलं पाकिस्तानातलं छाछरो घेतलं, आणि जम्मूकडचं आपलं छंब पाकिस्तानने घेतलं. जुलै १९७२मध्ये सिमल्याचा करार झाला. छाछरो परत गेलं, छंब आलं नाही, तुरतुक गेलं नाही. एकाच कराराने असं वेगवेगळं कसं केलं? कारण छाछरोची हद्द आंतरराष्ट्रीय सीमा होती. तिथे दोन्ही फौजांनी मागे हटायचं होतं. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र युद्धबंदीच्या वेळी जी नियंत्रण रेषा ठरली, तिचा मान राखायचा होता. म्हणजे तुरतुकचं राष्ट्रीयत्व त्या संध्याकाळी फौज कुठे उभी होती, यावर ठरलं. वकिली भाषेत हे दीड वाक्य आहे. आता हेच वाक्य एखाद्या घरात नेऊन पाहा.

हिवाळ्यात या खोऱ्यात काम नसतं. पुरुष कामाला, मुलं शिकायला खाली जात: स्कर्दूला, काही लाहोर-कराचीपर्यंत. त्या डिसेंबरात जो घरी होता तो भारतीय झाला, जो बाहेर होता तो पाकिस्तानी राहिला. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. पूर्वी सरळ खोऱ्यातून जाणारी वाट आता व्हिसा आणि वाघामार्गे अर्धा उपखंड फिरून जाऊ लागली, तीही मिळालीच तर. गावातल्या म्हाताऱ्यांनी जम्मू-काश्मीरच्या महाराजांचं राज्य पाहिलं, पाकिस्तान पाहिला, भारत पाहिला, आणि उंबरठा एकच ओलांडला, स्वतःच्या घराचा. दोन्ही बाजूंना संशय त्यांच्याच वाट्याला आला. १९९९मध्ये कारगिलची लढाई या पट्ट्यातही पोहोचली, तेव्हा तर फारच.

मी ऑगस्टात गेलो होतो. छपरांवर जर्दाळू वाळत होते. एक आजी जोत्यावर बसून दगडाने बिया फोडत होती. गर गोड, कवच चुलीत. त्यांच्याकडे दगडी थंड कोठारं आहेत, भिंतींच्या फटींतून गार वारा येतो, लोणी उन्हाळ्यातही टिकतं. कोठाराचं दार ज्या बाजूला, ती बाजू गेल्या कित्येक पिढ्यांत बदललेली नाही.

थांगला दुर्बिणीसमोर पर्यटकांची रांग होती. "तो बघा पाकिस्तान!" म्हणून एकेक जण डोळा लावत होता. माझी पाळी आली. समोरच्या गावातलं एक छप्पर दिसलं, आणि त्यावर पसरलेलं काहीतरी केशरी.