चमच्याच्या पाठीवरचे नव्वद

बुलढाणा जिल्ह्यात लग्नाची चांदी घ्यायची म्हटली की पावले खामगावकडे वळतात. रजतनगरीच ती. जुनी चांदी मोडायलाही माणसे तिथल्याच सराफ्यात जातात. अशा मोडीत पैंजण-निरांजनांबरोबर एखादे वेळी काटे-चमचेही निघू शकतात, कुणा साहेबाच्या लिलावातून घरात आलेले. पाठीवर बारीक ९० दिसले की घरचे हरखणारच : नव्वद टंच!

तो टंच नव्हे. जर्मन कारखान्यांची रीत अशी, की बारा मोठे चमचे आणि बारा काटे यांवर मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा चढवला, की मालावर ९० चा छाप. म्हणजे नगाला पावणेचार ग्रॅम. काहींवर शेजारी ४५ असते. ती त्या एका डझनावरची चांदी. मुलाम्याखाली बहुधा तांबे, निकेल आणि जस्त. या मिश्रधातूलाच बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात, आणि त्यात चांदी औषधालाही नसते! १८८८ नंतरच्या अस्सल चांदीच्या जर्मन मालावर ८०० किंवा त्याहून मोठा आकडा असतो आणि सोबत चंद्रकोर व मुकुट.

आता कारखाना. आपल्याकडे राखेने घासघासून छाप पुसट झालेला असतो. त्यावर खडूची पूड बोटाने चोळा, उजेड आडवा पडू द्या आणि भिंगातून बघा. ‘डब्ल्यूएमएफ’ अक्षरे उमटली तर माल जर्मनीतल्या गाइसलिंगेनचा. ही कंपनी १८८० साली उभी राहिली. चालते अस्वल दिसले तर तो बेर्नडॉर्फचा, म्हणजे जर्मन नव्हेच, ऑस्ट्रियाचा.

नक्षीवरून कारखाना सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. दांड्याच्या काठाने जाणाऱ्या जोडरेघा किंवा मण्यांची ओळ कित्येक कारखाने काढत. नक्षी कामाला येते ती हरवलेल्या सहाव्या चमच्याला जोड शोधताना.

शेवटी चमचा उपडा करून टेबलावर टेकणारा भाग बघा, आणि काट्याची टोकेही. मुलामा तिथेच आधी झिजतो व खालचा पिवळट धातू डोकावतो. असा माल मोडीत घालून हाती फारसे काही लागत नाही. त्यापेक्षा खुशाल जेवायला घ्या. फक्त उकडलेल्या अंड्याला लावू नका, काळा पडतो.