परगांवीं पोटाची सोय

मुरबाड किंवा शहापूरकडचा शेतकरी जमिनीच्या कामासाठीं पहांटे घर सोडून ठाण्यास येतो. साहेब दुपारनंतर भेटतील असें कळलें, कीं त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो : जेवावें, कीं परतीचें भाडें राखावें ? पुष्कळदां तो उपाशी राहतो, नाहीं तर काम अर्धें टाकून माघारीं फिरतो. अशा माणसास स्वस्त अन्नाची माहिती असणें फार अगत्याचें आहे.

आगगाडी मुंबईहून ठाण्यास १८५३ सालीं आली आणि पुढच्याच वर्षीं कल्याणास पोंचली. तेव्हांपासून खाण्याच्या दुकानांची दाटी स्टेशनाभोंवतींच वाढत गेली. परंतु रस्त्याच्या तोंडावरील जागेचें भाडें शेवटीं गिऱ्हाइकाच्याच बिलांत उतरतें. म्हणून नवख्यानें कचेरींतील शिपायास किंवा रिक्षावाल्यास नम्रपणें विचारावें, "आपण कोठें जेवतां ?" रोज पदरचे पैसे देऊन खाणाऱ्याचा सल्ला सहसा चुकत नाहीं.

ठाण्याच्या प्रसिद्ध मिसळीस 'मामलेदार' हें नांव कचेरीच्या शेजारामुळेंच पडलें. तिचा रस्सा जहाल. तेव्हां तिखटाचें मान आधींच सांगावें. कल्याणास कसारा व कर्जत या दोन वाटा फुटतात. तेथें गाडी बदलणाऱ्यास खिडकी वड्यानें भूक भागवितां येते. घराच्या खिडकींतून विक्री होई, म्हणून वड्यास तें नांव मिळालें. डोंबिवलींत नवराबायको दोघेंही नोकरीस जाणारीं घरें पुष्कळ, म्हणून तेथें पोळीभाजी केंद्रें फोंफावलीं. पोळ्या मोजून मिळत असल्यानें दोनच हव्या असल्यास दोनच घ्याव्या. बसण्याची सोय मात्र तेथें बहुधा नसते.

खाणावळींत शिरतांना 'राईस प्लेट' व भरपेट थाळी यांतील भेद ध्यानांत ठेवावा. पहिलींत माप ठरलेलें असतें आणि दामही कमी पडतो.

सरकारनेंही या कामीं हात घातला होता. १९९५ सालीं एका रुपयांत झुणका-भाकर, तर २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी देण्याची योजना सुरू झाली. तींत दोन पोळ्या, भाजी, वरण व भात असे. अशा योजना काळाप्रमाणें बदलतात. म्हणून केंद्र चालू आहे कीं नाहीं, याची चौकशी करूनच तिकडे पाय वळवावे.

एवढें ठाऊक असलें, तर तो शेतकरी दुपारीं चार घांस खाऊन साहेबांच्या दारीं पुन्हां उभा राहील, आणि परतीचें भाडेंही त्याच्या कनवटीस शिल्लक उरेल.