पाठवणें आणि बरोबर जाणें

“ह्याला ठाण्याला पाठवा!” उत्तर कोंकणांत व मुंबईंत हें वाक्य कित्येक पिढ्यांच्या तोंडीं आहे. कोणी विसरभोळेपणानें सदरा उलटा घातला, कोणी कचेरींतून येतां येतां एकटाच पुटपुटूं लागला, कीं घरांतलें कोणी तरी हंसत हंसत हें वाक्य टाकतें. पुणेकर त्याच थट्टेसाठीं येरवड्याचें नांव घेतात. थट्टा जुनी झाली म्हणजे तिच्यांतली बोच बोलणाऱ्यास जाणवेनाशी होते. परंतु ज्या घरांत खरोखरीच एखादें माणूस मनानें आजारी आहे, त्या घरांत हें वाक्य कोणी उच्चारीत नाहीं. तेथें त्याची थट्टा राहत नाहीं, धाक होतो; आणि त्या धाकापायींच त्या माणसाचा आजार वर्षानुवर्षें दाराआड राहतो.

ह्या धाकाला इतिहास आहे. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. नरोत्तमदास माधवदास ह्यांचें नांव त्यास दीर्घकाळ जोडलेलें होतें, आणि पुढें त्याच्या खाटांची संख्या १८५० पर्यंत गेली. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी हीं महाराष्ट्र शासनाचीं चार मोठीं मनोरुग्णालयें. हीं निघालीं त्या काळीं मनोविकारांवर खात्रीचें असें औषधच नव्हतें. क्लोरप्रोमॅझिन हें अशा औषधांतलें पहिलें औषध १९५२ सालीं प्रचारांत आलें. तत्पूर्वीं रोग्यास सुरक्षित ठेवणें, त्यास वेळेवर जेवूं घालणें व होईल तितकें शांत राखणें, ह्यापलीकडे डॉक्टरांच्याही हातीं फारसें नव्हतें. त्यांत १९१२ चा कायदा असा कीं, रोग्यास आंत घेण्याची वाट बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावरून जाई. ज्याचा कांहीं अपराध नाहीं अशा माणसास आरोपीसारखें हजर करावयाचें, ही गोष्ट कोणत्या आईबापांस रुचेल? त्यांनीं तो प्रसंग टाळला आणि आजार लपविला. त्यांस दोष देतां येणार नाहीं. परंतु त्या दिवसांतली ती भीति आजही तशीच बाळगावी काय, हा खरा प्रश्न आहे.

माणिकपूरचेंच उदाहरण घ्यावें. सेंट मायकेल चर्चची येथील स्थापना १६०६ ची. तेव्हां भोंवतीं वाड्या, विहिरी व शेतें. आज वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेस इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि पहांटेपासून हजारों माणसें मुंबईच्या गाड्या गांठण्यासाठीं ह्याच रस्त्यांनीं धांवत असतात. २००९ सालीं हें गांव वसई-विरार महानगरपालिकेंत गेलें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला, त्यांत वसई तालुका आला. अशा माणिकपुरांतील एखादें चारचौघांसारखें घर डोळ्यांपुढें आणावें. थोरला मुलगा खाजगी कचेरींत कारकून. वर्षभरापासून त्याची झोंप उडाली आहे. कामांत लक्ष नाहीं. झोंप यावी म्हणून घेतलेला एक प्याला आतां संध्याकाळ होण्याचीही वाट पाहत नाहीं. आई शेजारणीला सांगते, “फार दमतो हो, गाडीची दगदग.” पत्नी कचेरींत फोन करून पोटदुखीचें कारण देते. धाकट्या बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे, म्हणून घरांतल्या कोणीच कोणाजवळ कांहीं बोलावयाचें नाहीं असा न ठरविलेला नियम होऊन बसला आहे. ठाणें येथून फार दूर नाहीं. दादरला गाडी बदलून जातां येतें, घोडबंदरच्या रस्त्यानें मोटारीनें जातां येतें. पण हें घर पहिल्या पायरीवरच थांबलें आहे. कारण त्याला अंतराची नव्हे, तर शेजाऱ्यांच्या नजरेची अडचण आहे.

ह्या घरांत आजार दोन आहेत कीं एक? लोक समजतात दोन. आणि त्यांतही एकाला रोग म्हणतात, दुसऱ्याला दुर्गुण. मन खचलें तर गंडेदोरे, नवस, अंगारा. दारू सुटेना तर शिव्या, शपथा आणि अबोला. वस्तुतः पुष्कळ वेळां एकच माणूस दोहोंत सांपडलेला असतो. खिन्नतेवर उतारा म्हणून तो पितो, आणि पिण्यानें खिन्नता अधिक गडद होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें ही गोष्ट मान्य केली आहे. मद्य व मादक द्रव्यें ह्यांच्या दुरुपयोगाशीं निगडित असलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येंत मानसिक आजारांतच येतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें दारूच्या आहारीं गेलेला मनुष्य हा उपचाराचा हक्क असलेला रोगी आहे.

ह्या ठिकाणीं एक धोका नीट समजून घेणें अगत्याचें आहे, कारण त्याच्या अज्ञानानें माणसें दगावतात. रोज बेसुमार पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून तोल सांभाळीत असतो. दारू एकाएकीं बंद झाली कीं तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवसांतच हात थरथरतात, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. पहिल्या दोन दिवसांत फेंफऱ्यासारखे झटके येऊं शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास कांहीं रोग्यांस भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, जवळचीं माणसें ओळखूं येत नाहींत, ताप चढतो. ही अवस्था प्राणघातक ठरूं शकते. म्हणून देवापुढें शपथ घालून खोलींत कोंडणें, हा घरोघरचा उपाय कितीही मायेनें केलेला असला तरी घातक आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं योग्य औषधें व थायमिन हें ब-१ जीवनसत्त्व दिलें म्हणजे हेच दिवस बहुधा सुखरूप पार पडतात. तसेंच, दारूची शिसारी आणणारें औषध रोग्यास न कळवितां आमटींत कालवून देण्याची चाल कांहीं घरांत आहे. त्यावर दारू पोटांत गेली तर रक्तदाब एकदम उतरून जीवावर बेततें. तें औषध रोग्याच्या संमतीनें व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावयाचें असतें.

आतां बदललें आहे काय तें पाहूं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीं सुरू झाला. कर्नाटकांत बेल्लारी जिल्ह्यांत केलेल्या प्रयोगाचा धडा घेऊन १९९६ पासून जिल्हावार कार्यक्रम आंखला गेला. त्याचें सूत्र साधें होतें: रोग्यास मोठ्या रुग्णालयाकडे ओढण्याऐवजीं उपचार जिल्ह्याच्या व तालुक्याच्या सामान्य दवाखान्यांत न्यावा, जेथें खोकल्याचा रोगी आणि मनाचा रोगी एकाच बांकावर बसेल. ह्या सूत्राची निकड ६ ऑगस्ट २००१ रोजीं साऱ्या देशास कळली. तामिळनाडूंत एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका खाजगी निवाऱ्यास आग लागली. रोगी सांखळ्यांनीं जखडलेले होते, त्यांस पळतां आलें नाहीं, २८ जण मृत्यु पावले. २०१७ च्या कायद्यानें रोग्यास सांखळीनें बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. प्रौढ मनुष्य आपण होऊन दाखल होऊं शकतो, आणि आपण होऊन दाखल झालेल्यास सामान्यतः आपल्या इच्छेनें घरीं परततां येतें. ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें कायदा गृहीत धरतो, व त्यास शिक्षा न देतां उपचार द्यावा असें सांगतो. भिंतीची उंची कायद्यानें तरी कमी झाली आहे.

सरकाराबाहेरही मोठें काम उभें राहिलें. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्यें १९८१ सालीं फादर जो परेरा ह्यांनीं ‘कृपा फाउंडेशन’ काढलें. हे फादर बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे शिष्य. व्यसनमुक्तीला त्यांनीं योगासनांची जोड दिली, आणि २००९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कृपा’चें एक केंद्र वसईसही आहे. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं ‘मुक्तांगण’ सुरू केलें. अनिताबाई येरवड्याच्या मनोरुग्णालयांत डॉक्टर होत्या, आणि ह्या कामास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनीं सढळ हातानें साहाय्य केलें. खुद्द ठाण्यांत डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांची मानसिक आरोग्यसंस्था १९९० पासून चालते. थट्टेंत ज्या गांवाचें नांव येतें, त्याच गांवीं लोक आज आपल्या पायांनीं सल्ला विचारण्यास जातात. ह्यांशिवाय १९३५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या सभा आपल्याकडेही भरतात. तेथें फी नाहीं, आडनांव विचारीत नाहींत. दारू सोडलेला माणूस सोडूं पाहणाऱ्यास आपला अनुभव सांगतो, एवढेंच. आणि जें उपदेशानें होत नाहीं तें पुष्कळदां ह्या सांगण्यानें होतें. कुटुंबीयांसाठीं ‘अल्-अनॉन’ ही निराळी सभा असते. नवऱ्याचें व्यसन हा आपल्या संसाराचा कमीपणा नव्हे, हें पत्नीस बहुधा तेथेंच प्रथम ऐकावयास मिळतें.

कोणी म्हणेल, मनोविकारतज्ज्ञ मूठभर, रोगी अगणित; तालुक्याच्या दवाखान्यांत असा काय उपचार होणार? शंका रास्त आहे; परंतु तिला उत्तर मिळालेलें आहे, आणि तें शेजारच्या गोव्यांतलें व आपल्या विदर्भांतलें आहे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ ह्या संस्थेनें डॉक्टर नसलेल्या, पण रीतसर शिकविलेल्या सल्लागारांकडून अति पिणाऱ्या पुरुषांशीं फार तर चार बैठकी करविल्या. ३७७ पुरुषांच्या ह्या पाहणींत तीन महिन्यांनीं सल्ला मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३६ जणांचें पिणें धोक्याच्या रेषेखालीं आलें. नुसत्या नेहमीच्या उपचारांत हें प्रमाण शेंकडा २६ होतें. अमरावती जिल्ह्यांतल्या ३० खेड्यांत गांवच्याच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन खिन्नतेच्या आजाराविषयीं लोकांशीं बोलणें केलें. आधीं अशा आजारी माणसांपैकीं शेंकडा ४.३ उपचार घेत. अठरा महिन्यांनंतर शेंकडा २७.२ घेऊं लागले. दोन्ही निष्कर्ष २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. औषध तेंच होतें, आजार तोच होता. कोणी तरी दारापर्यंत आलें आणि न लाजतां बोललें, एवढाच फरक.

तरी उणीव थोडी नाहीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत शेंकडा १०.६ प्रौढांस त्या वेळीं कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि बहुतेकांस उपचार मिळत नव्हता. २०१९ च्या अहवालाप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटी लोक मद्य घेतात. मद्याच्या पूर्ण आहारीं गेलेल्या दर ३८ माणसांमागें कसाबसा एक उपचारास पोंचलेला असतो. उरलेले सदतीस कोठें आहेत? ते माणिकपुरासारख्या गांवांत, आपापल्या घरीं, “फार दमतो हो” ह्या वाक्याआड आहेत.

मग घरच्यांनीं करावें काय? आजार अगदीं हाताबाहेर जाईपर्यंत वाट पाहूं नये. दोन आठवडे झोंप नाहीं, भूक नाहीं, कशांतच रस नाहीं. निष्कारण संशय, कानांत आवाज. सकाळीं उठतांच हात कांपणें व प्याल्याशिवाय तें न थांबणें, ह्यांतलें कांहीं दिसलें कीं जवळच्या सरकारी दवाखान्यांत किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जावें. पिऊन आल्यावर बोलूं नये. शुद्धीवर असतां सकाळीं बोलावें, आणि “तूं असा झालास” असें न म्हणतां “तुझी झोंप गेली आहे, आपण विचारून येऊं” असें म्हणावें. जीव नकोसा झाल्याचें कोणी बोललें तर तें थट्टेवारीं नेऊं नये. उघड विचारावें, एकटें सोडूं नये. घराबाहेर पडण्याचा धीर होत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत बोलतां येतें, व्यसनासाठीं १४४४६ हा क्रमांक आहे. बरें वाटूं लागल्यावर औषध आपल्या मनानें बंद करूं नये. आणि व्यसन सुटून पुन्हां पाऊल घसरलें तर सारें फुकट गेलें असें मानूं नये. मधुमेह्याची साखर पुन्हां वाढली म्हणून त्यास कोणी घराबाहेर काढीत नाहीं. औषध पुन्हां बसवितात.

माणिकपुरांतल्या त्या घराकडे पुन्हां वळूं. एखाद्या रविवारीं सकाळीं त्या मुलाचे हात कांपतांना आई पाहील, आणि शेजारीण काय म्हणेल हा विचार तिच्या मनांत येण्यापूर्वीं ती चपला पायांत घालील, असा दिवस यावा. बहिणीचें लग्न त्यानें मोडणार नाहीं. मोडलें तर लपविण्यानें मोडेल. इतकीं वर्षें आपण आजारी माणसास ‘पाठवीत’ आलों. पाठवणें म्हणजे दूर करणें. दवाखाने जवळ आले, कायदा बदलला, फोनवर ऐकून घेणारें माणूसही मिळालें. राहिला आहे एका क्रियापदाचा बदल. “ह्याला पाठवा” म्हणण्याऐवजीं “चल, मी बरोबर येतें” असें घरांतल्या एकानें म्हटलें, म्हणजे उपचाराचा आरंभ तेथेंच झाला.