मैदानाचे भाडे आणि नावाचे मोल



आजचा विषय पत्रिकेवर वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. खासगी क्रीडा अकादम्या आणि महाविद्यालयांचे फुटबॉल संघ ह्यांच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार जेथे दिसतो, तेथे आमचा विषय सुरू होतो.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. शहरांच्या कडेला, काल जेथे शेते होती तेथे, आज कुंपण घातलेली हिरवी मैदाने, दिव्यांचे खांब, मुलांना राहण्याच्या खोल्या आणि भोजनगृह असे ठाकठीक दिसते. ह्या अकादम्या चालतात लहान मुलांच्या फीवर. उलटपक्षी महाविद्यालयाचे मैदान पावसाळ्यात चिखलाचे आणि एरवी मांडवाचे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आल्या की क्रीडाशिक्षक अकादमीच्या दाराशी जातो. अकादमीचे चालक म्हणतात, 'या, आठ दिवस शिबिर घ्या, भाडे निम्मे द्या. नाहीतर देऊच नका.'

हे औदार्य फुकटचे नसते. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावयाची तर सेंटीमीटरच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. परंतु 'अमुक महाविद्यालयाच्या संघाचे शिबिर तमुक अकादमीत' ही बातमी बिनपैशाने छापून येते; आणि वाचक जाहिरात ओलांडून जातो, बातमीवर मात्र विश्वास ठेवतो. हा पहिला लाभ. संघाची छायाचित्रे फलकावर आणि मोबाइलवर वर्षभर फिरतात, हा दुसरा. ती पाहून दहा वर्षांच्या मुलाचा बाप म्हणतो, 'कॉलेजचा संघ जेथे सराव करतो, तेथेच आपला मुलगा घालावा,' हा तिसरा, आणि खरा रोकडा लाभ हाच. संघ येतो म्हटल्यावर बूट विकणारा, पेये विकणारा आपले नाव लावण्यासाठी पैसे देतो, हा चौथा. शिवाय मुले शाळेत असतात त्या वेळी मैदान रिकामेच पडलेले असते. म्हणजे जे दिले त्याचा खर्च थोडा आणि जे मिळाले त्याचे मोल मोठे.

ह्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. दुकानदाराने पाटी लावावी, अकादमीने नाव मिळवावे. आमचा प्रश्न एवढाच की, हे नाव ज्यांच्या पायांनी मिळवले त्यांच्या वाट्याला काय आले?

हा व्यवहार पूर्ण वाढला म्हणजे कसा दिसतो, हे पाहण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ. तिथले फुटबॉल आपल्याहून वेगळे. हाताने चेंडू घेऊन धडका मारण्याचा तो खेळ. फ्लोरिडा राज्यात ब्रेडेंटन गावी 1978 साली निक बोलेटिएरी ह्या शिक्षकाने टेनिसची अकादमी काढली. 1987 साली ती आयएमजी ह्या क्रीडाव्यवसायातील कंपनीने घेतली आणि तिच्यात पुढे अनेक खेळ आले. 2016 च्या वसंतातील सुट्टीत थंड मुलखातल्या मिशिगन विद्यापीठाचा संघ सरावासाठी ह्या अकादमीत उतरला. देशभर गाजावाजा झाला. अकादमीचे नाव घरोघर गेले आणि त्या भागातल्या होतकरू मुलांच्या डोळ्यांत विद्यापीठाचा प्रशिक्षक भरला. दोन्ही संस्थांचे भले झाले. तेव्हा दुसऱ्या एका विद्यापीठ-मंडळाच्या प्रमुखांनी हरकत घेतली की, सुट्टी ही विद्यार्थ्यांची आहे, ती सरावात का घालवता? त्यांच्या मनात स्पर्धेची धास्तीही असेल, पण प्रश्न रास्त होता. 2017 साली तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने सुट्टीत बाहेरगावी जाऊन सराव करण्यास बंदी घातली. अकादमी मात्र वाढतच गेली आणि 2023 साली सव्वाशे कोटी डॉलरांना विकली गेली. एवढी किंमत नुसत्या गवताला आणि विटांना कोणी देत नाही. त्यात नावाची किंमत असते.

आता आपल्या घरी या. महाराष्ट्रात फुटबॉलने मालकाचे नाव गाजवण्याची रीत जुनी आहे. मुंबईत रेल्वेचे, बँकांचे, गिरण्यांचे, कारखान्यांचे संघ होते. त्यातही जाहिरात होतीच. पण त्या पद्धतीत खेळाडूला पुष्कळदा नोकरी मिळे. गुडघा गेला तरी हजेरीपटावरचे नाव जात नसे. आमच्या सातपूरला ज्या महिंद्र कंपनीचा कारखाना आहे, तिचा संघ 1962 चा. 2005-06 साली त्याने राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 साली कंपनीने तो संघ बंद केला. पुण्यात 2007 साली पुणे फुटबॉल क्लब निघाला, त्याने अकादमी काढली, 2012-13 साली तो आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि 2015 साली संपला. डीएसके शिवाजियन्स हा बांधकाम उद्योगाचे नाव धारण करणारा संघ. त्याच्या अकादमीशी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे नाव जोडलेले होते. 2016-17 हा त्याचा आय-लीगमधला शेवटचा हंगाम. 2014 साली आलेला पुणे सिटी 2019 साली गेला. एका दशकात महाराष्ट्रातले चार संघ असे दिवे मालवावे तसे मालवले.

ह्यावरून काय दिसते? नावासाठी काढलेली गोष्ट नावाचा उपयोग संपला की बंद होते. ताळेबंदात जाहिरातखर्च हाच आधी कापतात, हे कारखान्यातल्या कोणालाही ठाऊक आहे.

ह्याच्या उलट कोल्हापूर पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. ही नावे कोणा मालाची नव्हेत, पेठेची आणि गल्लीची आहेत. आज जर्सीवर एखाद्या दुकानाचे नाव येत असेल, पण संघ त्या दुकानाचा होत नाही. म्हणून दुकान बदलते आणि तालीम राहते. तेथे भांडणे नाहीत असे नव्हे, भरपूर आहेत. परंतु शाहू स्टेडियममध्ये जो माणूस ओरडतो तो स्वतःच्या नावासाठी ओरडतो.

कोणी म्हणेल, मुलांना आठ दिवस हिरवळ मिळाली, जेवण मिळाले, आणखी काय पाहिजे? त्यास आम्ही पाहिलेली एक हकीकत सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात यंत्र चालवणाऱ्या आमच्या सभासदाचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. महाविद्यालयाच्या संघाबरोबर तो एका अकादमीत शिबिराला गेला. तिसऱ्या दिवशी गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रियेचा खर्च दीड लाखाच्या घरात. महाविद्यालय म्हणाले, अपघात आमच्या आवारात झाला नाही. अकादमी म्हणाली, मुलगा आमचा विद्यार्थी नाही. बापाचा पगार 21,000 रुपयांची मर्यादा ओलांडून गेलेला, म्हणून राज्य विमा योजनेचा दवाखानाही बंद. अखेर खात्यातल्या कामगारांनी वर्गणी काढली. तो मुलगा काठी घेऊन चालत होता, त्या काळात अकादमीच्या फाटकावरील फलकावर त्याचेच छायाचित्र होते, चेंडू मारताना. मुलगा आमचा नव्हे, पण छायाचित्र आमचे! असा हा न्याय.

आमच्यातले कायदेपंडित सांगतात की विद्यार्थी हा कामगार नव्हे. ठीक. अमेरिकेतही हेच सांगितले गेले. 1955 साली कोलोरॅडोतल्या एका महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार-भरपाई मागितली. 1957 साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करत नाही, सबब भरपाई नाही. त्याच सुमारास तिथल्या क्रीडासंघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला; तो अशा दाव्यांच्या भीतीपोटी घडवला, हे संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनीच पुढे पुस्तकात लिहून ठेवले. 2014 साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियन काढण्याचा अर्ज केला. 2015 साली केंद्रीय मंडळाने त्यात हात घालण्यास नकार दिला. विद्यापीठांनी खेळाडूंना उत्पन्नातला वाटा सरळ द्यावा, ह्याला न्यायालयाची मान्यता मिळाली ती 2025 साली. म्हणजे सत्तर वर्षे गेली.

आपल्याला सत्तर वर्षे थांबण्याचे कारण नाही, कारण आपल्या कायद्यात वाट आधीच सापडलेली आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा पाहा. त्याचे 18 वे कलम म्हणते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. पण तोच कायदा त्याला विद्यावेतन देतो, त्याच्या कामाचे तास ठरवतो, आणि शिकताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यावी असे 16 व्या कलमात सांगतो. कामगार न म्हणताही माणसाचे रक्षण करता येते. दुसरा दाखला. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा असे ठरवले, आणि त्यात खेळांचे प्रशिक्षण धरले. पण 2021 च्या नियमांनी स्पष्ट केले की मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व हे समाजकार्य नव्हे. सेवा कोणती आणि जाहिरात कोणती, ह्यातला भेद सरकारला कळतो. मग तो महाविद्यालयांना का कळू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शिबिर होण्यापूर्वी महाविद्यालय आणि अकादमी ह्यांनी लेखी करार करावा आणि तो सूचनाफलकावर लावावा. मैदानावर पाऊल ठेवण्याआधी प्रत्येक मुलाचा अपघात व शस्त्रक्रियेचा विमा उतरावा, हप्ता दोन्ही संस्थांनी निम्मा-निम्मा भरावा. संघाचे छायाचित्र एका हंगामापुरते वापरावे. एकट्या मुलाचे छायाचित्र फलकावर लावायचे तर त्याची लेखी संमती घ्यावी आणि त्याला मोबदला द्यावा. तासिका व परीक्षा बुडवून सराव नको. आणि जी प्रसिद्धी मिळाली तिच्या बदल्यात महापालिका शाळांतल्या काही मुलांना त्याच हिरवळीवर वर्षभर विनामूल्य प्रवेश मिळावा.

ह्यावर उत्तर ठरलेले आहे: 'असे मागाल तर अकादमीचे दार बंद होईल.' हे उत्तर आमच्या चळवळीने फार जुन्या काळापासून ऐकले आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली तेव्हाही धंदा बुडेल असेच म्हणत. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली, आणि गिरण्यांचे भोंगे त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या वाजत राहिले. विम्याचा हप्ता भरल्याने ज्या अकादमीचे दिवाळे निघेल, तिच्या हाती आपली मुले न दिलेली बरी. उलट ज्या चालकांना खेळाचे खरे प्रेम आहे, त्यांना असा करार हवाच असतो. कारण चोख व्यवहारासारखी दुसरी जाहिरात नाही.

नाव कोणाचे व्हावे ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊत हिने 10,000 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. लोकांनी तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हटले. त्र्यंबक तालुक्यातला तो पाडा तोवर नाशिकमध्येही थोड्यांनाच ठाऊक होता. तिच्या धावण्याने नाव झाले ते तिचे आणि तिच्या पाड्याचे.

जून महिन्यात महाविद्यालये उघडतील आणि संघांची निवड सुरू होईल. ज्यांची मुले संघात असतील त्या आईबापांनी प्राचार्यांकडे जाऊन एकच कागद मागावा, तो कराराचा. कागद नसेल तर तो होईपर्यंत मुलाच्या संमतिपत्रावर सही करू नये. एकट्याने जाल तर टोलवतील. अकरा जणांचे आईबाप मिळून जा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.