इंग्रजी कर्मणी वाक्यांतील 'नेहमी' आणि 'कधी नाही'
(भांडगाव येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून विवाह, वसतिगृह आणि वर्गणी यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज व्याकरणाचा एक लहानसा विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजीचा प्रारंभ होतो. तथापि दहा-बारा वर्षे ती भाषा शिकूनही आपल्या समाजातील तरुणांचे अर्ज वाचताना एकाच जागी पाऊल अडखळलेले दिसते. ती जागा म्हणजे कर्मणी वाक्यात 'ऑलवेज', 'ऑफन', 'समटाइम्स', 'नेव्हर' हे शब्द कोठे घालावयाचे ही होय.

अडखळण्याचे कारण मुलांचा आळस नव्हे. ते आपल्या मातृभाषेच्या घडणीतच आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि क्रियाविशेषणाला बरीच मोकळीक असते. 'दूध नेहमी दौंडला नेले जाते', 'नेहमी दूध दौंडला नेले जाते', 'दूध दौंडला नेहमी नेले जाते' ही तिन्ही वाक्ये आपल्या कानाला खटकत नाहीत. फार तर कोणत्या शब्दावर भर आहे एवढा फरक पडतो. इंग्रजीला एवढी मोकळीक मानवत नाही. तेथे कर्मणी क्रियापद दोन तुकड्यांचे असते. आधी 'इज', 'आर', 'वॉज' यांसारखे सहायक क्रियापद आणि मागून 'कॅरिड', 'पेड', 'रिटन' असे धातुसाधित. 'नेहमी'ची जागा या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत असते: 'द मिल्क इज ऑलवेज कॅरिड टू दौंड.'

सहायक क्रियापदे दोन किंवा तीन असली म्हणजे विद्यार्थी गोंधळतो. त्याने पहिल्या सहायकानंतर एक उभी रेघ मारावी आणि शब्द तेथे ठेवावा. 'द रेंट हॅज | ऑलवेज बीन पेड', 'द गेट विल | नेव्हर बी लॉक्ड', 'द रोड शुड हॅव बीन रिपेअर्ड' या वाक्यात 'ऑफन' घालावयाचे तर 'शुड'नंतर. प्रश्नार्थक वाक्यात सहायक पुढे जातो, परंतु क्रियाविशेषण कर्त्याच्या जागी आलेल्या शब्दाला ओलांडून मागेच राहते: 'इज द गेट ऑलवेज लॉक्ड?' क्रिया कशी झाली हे सांगणारा शब्द मात्र धातुसाधिताला अगदी चिकटून बसतो, म्हणून 'द अकाउंट्स हॅव ऑफन बीन केअरफुली चेक्ड'. किती वेळा ते आधी आले, कसे ते नंतर. 'एव्हरी डे', 'ट्वाइस अ वीक' असे शब्दसमूह या फटीत मावत नाहीत. ते वाक्याच्या शेवटी जातात.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते उपयोगाचे आहे. 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे ठरते, कारण क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हाच विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला त्याला 'पॅसिव्ह' समजून भलतेच काही लिहितो. वस्तुतः इंग्रजीत ते साधे कर्तरी आहे, 'रामा एट अ मँगो'. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारा आपला प्रयोग म्हणजे 'आंबा रामाकडून खाल्ला जातो' हा. शालेय व्याकरणे त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात, आणि 'नवीन' या विशेषणातच त्याचा इंग्रजीशी असलेला संबंध उघड होतो. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांनी मराठीचे व्याकरण छापले, १९११ साली मोरो केशव दामले यांचा मोठा ग्रंथ आला. तेव्हापासून प्रयोगांची चर्चा चालू आहे. परंतु मराठीचा 'कर्मणी' आणि इंग्रजीचा 'पॅसिव्ह' ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत, हे घराघरांत पोचलेले नाही. आपल्या व्याकरणात 'नेहमी' हे सातत्यदर्शक आणि 'वारंवार' हे आवृत्तिदर्शक, असे निरनिराळे खाते आहे. इंग्रजी वैयाकरण दोघांनाही एकाच पंगतीत बसवतात. आमच्या मते आपली विभागणी अधिक सूक्ष्म आहे; पण परीक्षेत त्यांचीच चालते.

आता खरा धोक्याचा भाग. तो नकाराचा. मराठीत 'कधी' या शब्दाला 'नाही'ची जोड लागते: 'हप्ता कधीच चुकवला जात नाही'. इंग्रजीतील 'नेव्हर'च्या पोटात नकार आधीच बसलेला आहे. त्यामुळे शब्दास शब्द ठेवणारा मुलगा 'इज नेव्हर नॉट मिस्ड' लिहितो, आणि दोन नकार एकमेकांस खाऊन हप्ता नेहमीच चुकतो असा अर्थ निघतो! 'सेल्डम' आणि 'हार्डली एव्हर' यांच्या पोटातही असाच नकार आहे.

याहून नाजूक गोष्ट 'नेहमी' व 'नाही' यांच्या क्रमाची. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला बँकेस कळवावयाचे आहे की पाऊस ओढ देतो त्या वर्षी हप्ता वेळेवर भरला जात नाही, एरव्ही भरला जातो. त्याने 'द इन्स्टॉलमेंट इज नॉट ऑलवेज पेड ऑन टाइम' असे लिहिले तर त्याचे म्हणणे पोचले. 'इज ऑलवेज नॉट पेड' लिहिले तर त्याने आपल्याच हाताने स्वतःस कायमचा थकबाकीदार ठरविले. 'समटाइम्स'चे उलट आहे: तेथे 'इज समटाइम्स नॉट पेड' हेच शुद्ध, 'इज नॉट समटाइम्स पेड' अशुद्ध. 'नॉट' ज्या शब्दाच्या आधी उभा राहतो त्यालाच तो खोडतो, हे ध्यानात ठेवले की दोन्ही वाक्ये उलगडतात. 'ऑलवेज' खोडता येतो. 'समटाइम्स' खोडला की काहीच उरत नाही. मराठीत 'कालव्याचे पाणी नेहमी सोडले जात नाही' या एकाच वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात, आणि बोलणाऱ्याच्या स्वरावरून आपण ते ओळखतो. कागदाला स्वर नसतो.

कोणी म्हणेल, १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी अर्ज मराठीत करता येतात, मग हा खटाटोप कशास? मराठीत करता येतो तो अर्ज मराठीतच करावा, असे आमचेही आग्रहाचे मत आहे. परंतु उच्च न्यायालयाचे कागद, विम्याच्या अटी, कंपनीचे नेमणूकपत्र ही इंग्रजीत येतात, आणि त्यांत कर्मणी वाक्यांचीच रेलचेल असते. कारण काम कोणी करावयाचे हे न सांगता काम होईल असे म्हणण्याची सोय त्या प्रयोगात आहे. 'ओव्हरटाइम विल नॉट ऑलवेज बी पेड' आणि 'ओव्हरटाइम विल नेव्हर बी पेड' या दोन अटींतील अंतर ज्यास सही करण्यापूर्वी कळले नाही, त्यास ते पगाराच्या दिवशी कळते.

आपल्याच तालुक्यात केडगावी पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. धर्म कोणाचा कोणताही असो, परभाषेतील शब्दाची जागा आपल्या भाषेत कोठे पडते याचा एवढा दीर्घ अभ्यास या परिसरात झालेला आहे, हे आपल्या मुलामुलींस सांगण्यासारखे आहे. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या पिढ्याही भाषांतर करूनच इंग्रजी शिकल्या. हल्ली ती रीत जुनाट मानली जाते. आम्हांस तसे वाटत नाही; दोन भाषा शेजारी ठेवल्याशिवाय वरचे अंतर दिसतच नाही.

म्हणून वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी तीन वाक्ये देतो. 'आमच्या गावी सभा क्वचितच वेळेवर सुरू केली जाते.' 'हिशेब आजवर कधीही लपवले गेलेले नाहीत.' 'शिष्यवृत्ती नेहमीच मुलांना दिली जाते असे नाही.' तिसऱ्या वाक्यात 'नेहमीच' आणि 'मुलांना' यांपैकी काय खोडावयाचे ते आधी मराठीत ठरवावे आणि मग लेखणी उचलावी. उत्तरे भोजनोत्तर फळ्यावर लिहून दाखवू.