हिवाळा आणि सांधेदुखी

उत्तरेकडील गार वारे सुटले, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील कित्येक मराठी घरांतून एक परिचित दृश्य दिसू लागते. एरवी पहाटे उठून सडासंमार्जन करणारी आजी आता उजाडले तरी अंथरुणातून उठत नाही. उठली तरी पहिली चार पावले भिंतीला धरून टाकते. पाटावर बसून पूजा करणे तिला जमत नाही. कारण बसता आले, तरी उठता येत नाही. नाताळपासून संक्रांतीपर्यंतचे दिवस तिने कसेबसे काढायचे आणि घरच्यांनी ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे म्हणून तिचे समाधान करायचे, हा जणू त्या घराचा परिपाठच होऊन बसतो. त्या समाधानातील सहानुभूती खरी असली, तरी त्यातील विचार मात्र खरा नाही.

थंडीचा आणि सांधेदुखीचा संबंध आपल्याकडे फार प्राचीन काळापासून मानलेला आहे. आयुर्वेदाने शीत हा वाताचा गुण सांगितला आणि थंडीने वात वाढतो असे मानले. आधुनिक संशोधकांनी हा समज पडताळून पाहिला, तेव्हा त्यांना मिळालेले उत्तर इतके सरळ नव्हते. २०१७ साली अमेरिकेत वृद्ध रुग्णांच्या एक कोटीहून अधिक वैद्यकीय भेटींची नोंद तपासण्यात आली. पावसाच्या दिवशी सांधेदुखीची तक्रार वाढते असे तीत दिसले नाही. उलट, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या पाहणीत २,६०० हून अधिक व्यक्तींनी आपल्या वेदनेची रोजची नोंद ठेवली होती. दमट हवा, उतरलेला वायुभार आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी वेदना काहीशी वाढते, असे तीत आढळले. केवळ तापमानाशी मात्र तिचा ठळक संबंध दिसला नाही. म्हणजे आकाशाकडे थोडासा दोष जातो, सगळा नव्हे. उरलेल्या दोषाचा मोठा वाटा थंडीत आपण ज्या रीतीने राहतो त्या रीतीकडे जातो.

हे समजण्यासाठी सांध्याची रचना पाहावी. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळते, आणि ते मिळते हालचालीमुळे. भार पडला की कूर्चा दाबली जाते, भार निघाला की ती स्पंजासारखी द्रव शोषून घेते. जो माणूस दुखते म्हणून दिवसभर रजईत बसून राहतो, तो आपल्या सांध्याचे अन्नच तोडतो. शिवाय मांडीचे स्नायू काही आठवड्यांच्या विश्रांतीनेही दुबळे होतात आणि गुडघ्याचा आधार जातो. मग दुखते म्हणून बसायचे आणि बसल्यामुळे अधिक दुखायचे, असे हे चक्र फिरू लागते.

ते मोडण्यास प्रारंभ सकाळी अंथरुणातच करावा. पांघरुणाखाली घोटे, गुडघे आणि हातांची बोटे सावकाश दहा-दहा वेळा हलवावीत, मगच उठावे. कोमट पाण्याने स्नान करावे किंवा गरम पाण्याच्या पिशवीने वीस मिनिटे शेक घ्यावा, म्हणजे आखडलेले स्नायू सैल होतात. त्यानंतर खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरावा आणि हळूच खाली आणावा. प्रत्येक पायाने हे दहा वेळा करावे. ऊन वर आल्यावर लोकरीचे पायमोजे घालून थोडे चालावे. व्यायामानंतर दोन तासांहून अधिक काळ नेहमीपेक्षा जास्त दुखत राहिले, तर दुसऱ्या दिवशी तो कमी करावा, पण बंद करू नये.

घरातील व्यवस्थेतही थोडा बदल करावा लागतो. पाटाऐवजी उंच आसन, शौचकूपात बैठकीची सोय आणि जिन्याला कठडा, एवढ्यानेही गुडघ्याचे कष्ट पुष्कळ कमी होतात. काठी घेणे यात कमीपणा नाही. मात्र ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. वजन अधिक असेल तर ते उतरवावे, कारण शरीराचे एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. तिळगूळ आणि बाजरीची भाकरी हे थंडीतले चांगले अन्न खरे. पण लाडवांचा डबा गुडघ्याचा मित्र नव्हे.

शेकाच्या बाबतीत दोन सूचना विसरू नयेत. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळत नाही. त्यांच्यासाठी शेकाची उष्णता दुसऱ्याने हात लावून पाहावी. आणि दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि त्याने झोपेतच प्राण जाऊ शकतो.

औषधांविषयीही सावध राहावे. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना इजा होते आणि रक्तदाब वाढू शकतो. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन देण्यात आले आणि खिळलेले रुग्ण चालू लागलेले पाहून जग थक्क झाले. १९५० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिकही त्याच वर्गातील संशोधनाला मिळाले. परंतु त्याच औषधाने पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हेही लवकरच उघड झाले. म्हणून चार दिवसांत गुण देणारी, पण घटक न सांगणारी पुडी कोणी देऊ केली, तर तीत असेच काही मिसळलेले असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर ती एकाएकी न सोडता डॉक्टरांना दाखवावी.

शेवटी, सर्वच सांधेदुखी झिजेची नसते. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यावर लवकर उपचार झाले, तर सांधे वाकडे होण्याचे बहुधा टळते. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘वय झाले’ हे वाक्य म्हणूनच घरच्यांनी जपून उच्चारावे. झिजलेली कूर्चा पुन्हा नवी होत नाही, हे खरे. परंतु त्या आजीला सकाळी कोणी कोमट पाणी काढून दिले, उन्हात दहा मिनिटे तिच्या सोबतीने चालले, तर संक्रांतीचे तिळगूळ ती अंथरुणात बसून नव्हे, दारात उभी राहून वाटू शकेल.